विचारा की राव : तीनशे पौंडाचा पाद्री

मागच्या अंकात गावच्या तालमीवर लिहिताना मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की मी डोळ्यानं बघितलेला सगळ्यात ताकदीचा माणूस कुस्तीतला नव्हता, अमेरिकन फुटबॉलमधला पाद्री खेळाडू रेजी व्हाइट होता. झालं. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एका काकांनी तर फोन लावून झापलं की रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या जिल्ह्यात राहून असं लिहायला हात कसा धजावला तुझा. काका, चुकलं. पण शब्द मागं घेत नाही. ह्या वेळचं सगळं सदर मग त्याच एका माणसावर, एकदाचं होऊन जाऊ द्या.

आधी एक सांगतो म्हणजे मी कुठून बोलायलोय ते कळंल. 1996 ते 98 मी विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी नावाच्या शहरात होतो, ते वायटूकेचं काम निघालं होतं ना कंप्युटरमधी तारखा बदलायचं, त्यात आमच्यासारख्यांची भरती झाली होती. एका खोलीत चौघं, बाहेर बर्फ, आणि रविवारी टीव्हीवर एकच गोष्ट, त्याच राज्यातल्या ग्रीन बे पॅकर्स ह्या संघाची मॅच. तिथं बघितला मी ह्याला. आता बघू तुमचे प्रश्न.

प्र. – तुम्ही कोणाला डोक्यावर घेतलंय तेच कळंना. फुटबॉलमधी तर मेस्सी रोनाल्डो असतेत, हा कोण? आणि सॅक सॅक म्हणायलेत ते काय असतंय? – एक वाचक, उदगीर

उ. – हा तो फुटबॉल नाही. ह्यात चेंडू लांबुळका, नारळासारखा, आणि लाथ मारायचं काम फार थोडं. दोन्हीकडून अकरा अकरा जण. ज्यांच्याकडं चेंडू असतो त्यांना चार वेळा संधी, तेवढ्यात दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकले तर परत चार संधी, नाही तर चेंडू समोरच्याला. चेंडू ज्याच्या हातात पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅक, तोच संघाचा मेंदू, आणि त्याला जपायला पुढं पाच दांडगे उभे असतात, एकेक जण म्हशीएवढा. आता समोरच्या संघातला डिफेन्सिव्ह एन्ड म्हणजे ह्या भिंतीच्या टोकाला उभा असलेला माणूस, त्याचं काम हेच की भिंत फोडायची आणि क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला धरून आडवा करायचा. तसं झालं की त्याला सॅक म्हणतात. वेळ किती मिळतो, तर दोन-अडीच सेकंद, जरा जास्त.

कबड्डीत चढाईवाला एकटा येतो आणि सातजण त्याला धरतात. इथं उलटं समजा, पकडणारा एकटा आत घुसतो, वाटेत दोघं-तिघं त्याला अडवायला.

आपला रेजी असाच डिफेन्सिव्ह एन्ड. पूर्ण नाव रेजिनाल्ड हॉवर्ड व्हाइट, जन्म 19 डिसेंबर 1961, टेनेसी राज्यातलं चॅटनूगा. उंची सहा फूट पाच इंच, वजन तीनशे पौंडाच्या आसपास म्हणजे 136 किलो धरा. नॅशनल फुटबॉल लीगमधी त्यानं 198 सॅक केल्या, तो थांबला तेव्हा तो विक्रम होता, पुढं 2003 मधी ब्रूस स्मिथ नावाच्या खेळाडूनं तो मोडला, त्याच्या शेवटी 200 झाल्या. पण व्हाइट त्या लीगच्या आधी दोन वर्षं मेम्फिस शोबोट्सकडून दुसऱ्याच एका लीगमधी खेळला होता, ती लीगच पुढं बुडाली, तिथल्या साडेतेवीस ह्यात मोजत नाहीत. ते अर्धं कसं काय म्हणाल तर दोघांनी मिळून एकाला पाडला की दोघांना अर्धी अर्धी वाटून देतात.

प्र. – मी स्वतः तालमीत दहा वर्षं घालवली. 136 किलोचा माणूस नुसत्या वजनावर समोरच्याला लोटत असंल, त्यात कसब काय? – वस्ताद, परभणी

उ. – वस्ताद, तुम्हीच विचारलं ते बरं झालं, कारण ह्याचं उत्तर तुम्हालाच सगळ्यात आधी पटणार.

समोरचे काय हलके नसायचे, तेबी एकशेतीस-चाळीस किलोचे. लोटायचं म्हणलं तर दोन बैल एकमेकाला शिंगं लावून उभे, तसं व्हायचं. व्हाइटचा जो डाव होता त्याला तिकडं हंप म्हणायचे. तो काय करायचा, सुरुवातीला सुसाट बाहेरच्या अंगानं पळायचा. एवढा मोठा देह आणि पळायला हरणासारखा, त्यामुळं अडवणाऱ्याला धाक असायचा की हा वळसा घालून मागं पोचणार, म्हणून तो घाईघाईनं बाहेरच्या बाजूला सरकायचा, मागं मागं जात. आणि सरकताना त्याचं सगळं वजन बाहेरच्या एका पायावर गेलं, की त्याच क्षणाला व्हाइट आतल्या हाताचं कोपर त्याच्या बगलेखाली, बरगडीत घालायचा आणि उचलून आडवा फेकायचा. एका हातानं. मोकळ्या रस्त्यानं सरळ क्वार्टरबॅककडं.

तुम्हाला तर सांगायला नको, पैलवान जिकडं निघालाय तिकडंच त्याला अजून थोडा जाऊ द्यायचा आणि मग हिसडा. ताकद त्याची, डाव आपला. बघणाऱ्याला मात्र वाटायचं की ह्या माणसानं पोतं भिरकावलं. मी पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा आमच्या खोलीतला एक पोरगा म्हणला, अरे हे खोटं आहे, ते डब्ल्यूडब्ल्यूएफ का काय असतं त्यातलं. मग परत दाखवलं हळू करून, तेव्हा सगळे गप.

आणि एकच डाव असता तर लोकांनी दोन वर्षात त्याची तोड काढली असती. भीती दोन्हीकडून होती. बाहेरून अडवायला जावं तर हंप, हंपला भिऊन आत दबून उभं राहावं तर हा बाहेरून निघून जायचा. पॅकर्सच्या आधी फिलाडेल्फिया ईगल्स ह्या संघाकडं तो आठ मोसम होता, 121 मॅचमधी 124 सॅक. मॅचपेक्षा सॅक जास्त, हे वाचून पुढं जाऊ नका, जरा थांबून बघा. 1987 मधी तर खेळाडूंच्या संपामुळं त्याला बाराच मॅच मिळाल्या आणि त्यात 21.

प्र. – तुम्ही लिहिलं की तो पाद्री होता. मी कीर्तन करतो, जनाबाईच्या गावचा माणूस आहे. मला हे समजत नाही की रविवारी सकाळी प्रेम आणि क्षमा सांगायची आणि दुपारी माणसं आपटायची, हे एका देहात बसतं कसं? – कीर्तनकार, गंगाखेड

उ. – महाराज, रामराम. हा प्रश्न त्याला जन्मभर विचारला गेला.

गडी बारातेरा वर्षांचा असताना आईला म्हणला होता की मला दोन गोष्टी व्हायचंय, फुटबॉलपटू आणि धर्मोपदेशक. सतराव्या वर्षी बाप्टिस्ट पंथात त्याला रीतसर उपदेशक केलं. टेनेसी विद्यापीठात खेळायला लागला तेव्हाच त्याला मिनिस्टर ऑफ डिफेन्स हे नाव पडलं. आता इंग्रजीत मिनिस्टर म्हणजे मंत्री बी आणि पाद्री बी, त्यामुळं संरक्षणमंत्री म्हणा का बचावफळीचा बुवा म्हणा, दोन्ही एकाच नावात बसलं. असं नाव मिळायला नशीब लागतं.

तो शिव्या देत नव्हता. मैदानावर ज्या खेळात समोरच्याच्या आईबापापर्यंत जातात तिथं हा समोरच्या भिंतीतल्या माणसाला खेळ सुरू व्हायच्या आधी सांगायचा, येशू येतोय. आणि पुढच्या क्षणाला तोच यायचा. पाडलेल्या क्वार्टरबॅकला हात देऊन उठवायचा. मॅच संपली की दोन्ही संघातले काही जण मैदानाच्या मधी गुडघे टेकून प्रार्थना करायचे, त्यात हा असायचाच.

माझं मत विचाराल तर त्यात विसंगती आहे असं मला तरी वाटत नाही. आपल्या तालमीत बी मारुती असतोच की, त्याला नमस्कार करूनच पोरगं मातीत उतरतं आणि मग दुसऱ्याला चितपट करतं, त्यात देवाचा अपमान झाला असं कोणी म्हणत नाही. खेळाच्या नियमात राहून पाडणं वेगळं आणि द्वेषानं मारणं वेगळं. हा, एक गोष्ट मात्र मला खटकायची. 1995 च्या डिसेंबरात त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला, ऑपरेशन करावं लागणार, मोसम संपला असं जाहीर झालं, आणि मग अचानक हा म्हणला देवानं बरं केलं, मी खेळतो. खेळला बी. आता देवानं केलं का स्नायू तेवढा फाटलाच नव्हता, हे डॉक्टर जाणोत. पण त्याच देवाला बाकीच्या जखमी पोरांच्या वेळी काय झालं होतं, हा प्रश्न मी पुढं तिथं गेल्यावर एकदा खोलीत विचारला आणि शेजारच्या मित्रानं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

एक प्रसंग तुम्हाला कीर्तनात सांगण्याजोगा आहे. ईगल्समधी त्याच्या शेजारी उभा राहायचा जेरोम ब्राउन, अतिशय वात्रट, बडबड्या, ह्याच्या एकदम उलटा, आणि जिवाचा दोस्त. 1992 च्या जूनमधी जेरोम गाडीच्या अपघातात गेला, सत्तावीस वर्षांचा. त्या दिवशी फिलाडेल्फियात त्यांच्याच स्टेडियमवर बिली ग्रॅहम ह्या मोठ्या प्रवचनकाराची सभा होती आणि व्हाइट तिथं बोलायला होता. त्यानं व्यासपीठावरून त्या सगळ्या गर्दीला सांगितलं की माझा मित्र आज गेला. जिथं दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून माणसं पाडली त्याच मैदानावर.

प्र. – साहेब आम्ही नवराबायको दर साली कारखान्याला जातो, एक कोयता. पोरानं मोबाईलवर तुमचा लेख वाचून दाखवला. असल्या खेळाडूला किती पैसे भेटत असतेल? त्याला बी कोणी मुकादम असतो का? – वडवणी, जि. बीड

उ. – दादा, पोराला शाबासकी द्या. तुम्ही विनोदानं विचारलं असंल पण प्रश्न अगदी मर्मावर आहे.

त्याची आणि तुमची बरोबरी लावायला मी एवढा कोडगा नाही, तो लाखात कमवायचा तेव्हा बी. पण बांधून ठेवायची तऱ्हा बघा. तुमच्याकडं उचल घेतली आणि हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडं जावं लागतं, दुसरा जास्त देतो म्हणला तरी जाता येत नाही, बरोबर? तिकडं उचल नव्हती, तरी करार संपला म्हणजे माणूस सुटला असं नसायचं. करार संपला तरी हक्क जुन्या क्लबचाच. दुसऱ्यानं बोलावलं तर जुना म्हणणार तेवढेच पैसे मी देतो, बस इथंच, नाही तर दुसऱ्यानं मला भरपाई द्यावी. भरपाई एवढी जबर की कोणी बोलवायचंच नाही. 1989 पासून एक नवी पद्धत काढली, प्रत्येक क्लबनं आपले 37 खेळाडू राखून ठेवायचे आणि बाकीचे मोकळे. म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही तो मोकळा, आणि ज्याला सगळे मागतेत तो अडकलेला.

1987 चा संप वर आला ना, ज्याच्यामुळं बाराच मॅच मिळाल्या, त्या संपाची मोठी मागणी हीच होती, की करार संपला की माणूस मोकळा. मालकांनी काय केलं तर भाड्यानं दुसरे खेळाडू आणून मॅच चालू ठेवल्या. संप फुटला. तुमच्याकडं टोळ्या फुटतात तसाच.

मग कोर्ट. 1992 मधी फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या खटल्यात ज्युरीनं सांगितलं की असं राखून ठेवणं कायद्याला धरून नाही. त्याच्या मागोमाग सगळ्या खेळाडूंच्या वतीनं दावा लागला आणि त्या दाव्यावर पहिलं नाव कोणाचं, तर रेजी व्हाइटचं. हे सोपं नव्हतं बरं, करिअरच्या ऐन भरात मालकांच्या विरुद्ध दाव्यावर आपलं नाव घालायचं म्हणजे. 1993 च्या जानेवारीत तडजोड झाली, करार संपला की ठरावीक वर्षं खेळलेला माणूस मोकळा. मालकांनी बदल्यात स्वतःसाठी एक पाचर मारून घेतलीच, 1994 पासून प्रत्येक क्लबनं पगारावर एकूण किती खर्च करायचा त्याला वरची मर्यादा. मालक शेवटी मालक.

आणि मग पहिला मोठा मोकळा खेळाडू तोच. सगळे क्लब दारात. लोकांना वाटलं हा कुठल्या तरी मोठ्या शहरात जाणार. गेला कुठं, तर ग्रीन बेला! लाखभर वस्तीचं गाव, आपल्या उदगीरएवढं समजा, थंडी अशी की नाकातला श्वास गोठतो, आणि ह्याच्यासारखी काळी माणसं तिथं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळं काळे खेळाडू तिथं यायला नाखूश असायचे. चार वर्षांचे एक कोटी सत्तर लाख डॉलर. तो म्हणला देवानं सांगितलं ग्रीन बेला जा. त्यातली गंमत अशी की तिथले कोच माइक होल्मग्रेन यांनी त्याच्या फोनच्या मशीनवर खरोखरच निरोप ठेवला होता, रेजी, मी देव बोलतोय, ग्रीन बेला ये. पैसे बी बक्कळ होते ही गोष्ट देवानं वेगळी सांगायची गरज नव्हती, असं आपलं माझं मत. पण तो गेल्यावर बाकीचे यायला लागले हे खरं.

अजून एक, तुम्हाला आवडंल. ग्रीन बेचा संघ कोण्या एका शेठचा नाही. गावातल्या साध्या लोकांच्या शेअरवर चालतो, 1923 पासून. आपल्या सहकारी कारखान्याचे सभासद असतात ना, तसं. 1997 च्या शेवटाला त्यांनी नवे शेअर काढले, दोनशे डॉलरला एक, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एकानं घेऊन फ्रेम करून भिंतीवर लावला. मी विचारलं डिव्हिडंड किती, म्हणला शून्य. विकता येतो का, नाही. मी म्हणलं आमच्याकडं निदान दिवाळीला साखर तरी देतेत.

प्र. – लॉरेन्स टेलर मोठा का रेजी व्हाइट? सरळ उत्तर द्या. – जालना

उ. – टेलर बी त्याच काळातला, बचावातलाच खेळाडू, त्यानं खेळ बदलला. 1986 मधी तो सगळ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, बचावातल्या माणसाला तो मान आजवर दोनदाच मिळालाय, एकदा 1971 मधी अ‍ॅलन पेजला आणि एकदा ह्याला. त्याच्या भीतीनं क्लबांनी भिंतीच्या डाव्या टोकाच्या माणसाला जास्त पगार द्यायला सुरुवात केली. पण एका माणसावर माझी शेतजमीन लावायची म्हणलं तर मी व्हाइटवर लावीन. टेलर वादळ होतं, कधी येईल सांगता यायचं नाही. हा रोज येणारा पाऊस होता. 1998 मधी छत्तिसाव्या वर्षी 16 सॅक आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, पहिल्यांदा तो मान 1987 मधी, मधी अकरा वर्षं गेली. सरळ उत्तर हेच.

प्र. – तुमच्या मागच्या दोन ओळी वाचून गूगल केलं. 1998 मधी ह्याच माणसानं विधानसभेत काय भाषण केलं ते तुम्ही का लपवलं? – छत्रपती संभाजीनगर

उ. – दोन ओळीत मावत नव्हतं हे कारण मी देऊ शकतो, पण खरं हे की मला ते आठवायचं नव्हतं. आता लिहितो.

मार्च 1998, विस्कॉन्सिनची विधानसभा, ह्याला पाहुणा म्हणून बोलावलेलं. सगळ्यांना वाटलं गोरगरिबांविषयी, चर्चविषयी बोलंल. त्याच्या दोन वर्षं आधी टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमधलं तो जिथं उपदेशक होता ते चर्च कोणीतरी जाळलं होतं आणि ग्रीन बेच्या लोकांनी ते परत उभं राहावं म्हणून घरातून पैसे पाठवले होते, त्यामुळं विस्कॉन्सिनमधी त्याच्याविषयी लई माया. आणि हा उभा राहून एकेका वंशाला देवानं काय काय गुण दिलेत ते सांगायला लागला. गोरे पैशात हुशार, आशियातले लोक टीव्हीचं घड्याळ करून दाखवतील, असं एकेक. त्याला वाटत होतं आपण कौतुक करायलोय. आणि समलिंगी माणसांविषयी तर सरळ सरळ पाप म्हणून बोलला, फार कडक. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात मी कॉफी घ्यायला गेलो तर एकजण हसून म्हणला, काय रे, घड्याळ झालं का टीव्हीचं? मी बी हसलो. पण ते हसू घरी येईपर्यंत तोंडात कडू झालं होतं. ज्याच्यासाठी दर रविवारी घसा फोडायचो त्याच्या डोक्यात मी एक घड्याळवाला होतो.

गदारोळ झाला, टीव्हीवर समालोचक म्हणून त्याची बोलणी चालली होती ती फिसकटली. त्यानं लोकांना दुखावल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली पण समलिंगींविषयीचं मत सोडलं नाही.

पुढचं मात्र कमी लोकांना माहीत असतं. 2000 मधी कॅरोलायना पँथर्सकडून एक शेवटचा मोसम खेळून तो कायमचा थांबला आणि हिब्रू शिकायला बसला. म्हणला मला मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचायचाय, इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेलंच पुढं सांगत आलो. चर्चमधी जाऊन उपदेश करणं बंद केलं. लोक मला बोलवायचे ते मी मोठा धार्मिक होतो म्हणून नाही, फुटबॉल खेळायचो म्हणून, हे त्यानं स्वतः बोलून दाखवलं. सतराव्या वर्षापासून जो माणूस माईकसमोर उभा आहे त्यानं चाळिशीत हे म्हणायचं, ह्याला हंपपेक्षा जास्त जोर लागतो. त्यानं 1998 चं भाषण धुऊन निघतं असं मी म्हणत नाही. गंगाखेडच्या महाराजांनी हे उत्तर बी वाचावं, त्यांच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथं आहे.

प्र. – तो फार लवकर गेला असं ऐकलं. माझे मिस्टर पण अंगानं दांडगे आहेत आणि झोपेत इतके घोरतात की शेजारी तक्रार करतात. काळजी वाटते. – एक ताई, नांदेड

उ. – ताई, 26 डिसेंबर 2004, नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, वय 43. हृदयाची लय बिघडली. त्याला सार्कॉइडोसिस नावाचा आजार होता, त्यात फुफ्फुसात गाठी होतात, आणि झोपेत श्वास थांबायचा आजार, स्लीप अ‍ॅप्निया, त्याचाही हातभार असावा असं तपासणीत आलं. त्याच्या बायकोनं, सारा व्हाइट यांनी, पुढं झोपेच्या आजारांवर त्याच्या नावानं संस्थाच काढली.

अ‍ॅप्नियात काय होतं तर झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, माणूस घोरता घोरता एकदम गप होतो, दहा-वीस सेकंद श्वासच नाही, मग दचकून, गुदमरल्यासारखा होऊन परत घोरायला लागतो. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, हृदयावर ताण येतो, बीपी वाढतं. मान जाड असलेल्या आणि वजनदार माणसात जास्त. तुम्ही एवढंच बघा की मधी असं गप होणं आहे का, आणि दिवसा ते बसल्या बसल्या पेंगतात का, गाडी चालवताना डुलकी लागते का. असंल तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या, रात्रभर तार लावून झोपेची तपासणी करतेत, आणि लागलं तर नाकावर हवा सोडणारी मशीन देतेत. आपल्याकडं घोरणं म्हणजे गाढ झोप असं समजतेत, ते उलटं आहे.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. मलाच बायकोनं ओढत नेलं होतं तीन वर्षांपूर्वी. मशीन लावली की हत्तीची सोंड लावल्यासारखं दिसतं, नातू हसतो, पण दुपारची पेंग गेली.

प्र. – काका माझं वय 17, वजन 96 किलो. कबड्डीच्या सरांनी सांगितलं 85 च्या आत ये नाही तर संघात नाव नाही. मी कमी करायला गेलो की चक्कर येते. तुमच्या रेजीसारखा फुटबॉल मला खेळता येईल का? भारतात आहे का? – केज

उ. – बाळा, पहिलं म्हणजे उपाशी राहून वजन पाडू नको, चक्कर येते म्हणजे शरीर ओरडून सांगायलंय.

भारतात हा खेळ आहे पण फार थोडा. 2011 च्या सुमाराला एक लीग काढली होती, पुण्याचा बी संघ होता, पुणे मराठाज नावाचा, पण ते काही रुजलं नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधी फुटबॉलचा एक प्रकार येणार आहे, फ्लॅग फुटबॉल, पाच पाच जणांचा. पण त्यात कमरेला लावलेली पट्टी ओढली की माणूस बाद, धरून पाडायचंच नाही. तिथं तुझ्यासारख्या गड्याचं काम नाही, पळणाऱ्या पोरांचं आहे.

तू तालमीत जा. सीनियर फ्रीस्टाइल कुस्तीत वरचा गट 125 किलोपर्यंत असतो, तिथं 96 वाल्याला कोणी बाहेर काढत नाही, उलट वस्ताद खूश होतेत. तुझ्याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे 2018 मधी राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं घेऊन आला, तो 57 किलोचा होता ही गोष्ट वेगळी. आणि परभणीचे वस्ताद वर आहेतच, त्यांचा नंबर मी संपादकांकडं ठेवलाय, त्यांची हरकत नाही म्हणले. जाशील तेव्हा त्यांना सांग की हंप दाखवा, बघू ते त्याला कोणत्या डावाचं नाव देतेत, मला कळव.